रबर कापा, पट्टी जपा

रात्रभर पाऊस पडून गेलाय. सकाळी तुम्ही जुन्या गाडीचं दार उघडता, तर आतून कुबट वास येतो. पायाखालची मॅट ओली. छताचं कापड मात्र खडखडीत कोरडं. मग पाणी आलं कुठून?

बसवनगुडीत आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या बाबांच्या पद्मिनीने हा प्रश्न आम्हाला सलग दोन पावसाळे विचारला. खालचा पत्रा सडलाय, तो बदला, असा सल्ला मिळाला. बदलला. इथे या कामाला ‘टिंकरिंग’ म्हणतात, मुंबई-पुण्यात ‘डेंटिंग’. नाव काहीही असो, पैसे तेवढेच जातात. मे महिन्यात वळवाची पहिली सर आली आणि मॅट पुन्हा ओली! पाणी शेवटी सापडलं ते पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, रबराच्या आत. आम्ही जमीन पुसत बसलो होतो आणि गळत होता नळ.

म्हणून आजचा विषय: जुनी गाडी नीट करायला घेतली की काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या आणि रबरं कशी काढायची. रंगाच्या आधी, पत्र्याच्याही आधी करायचं हे काम आहे, आणि नेमकं तेच बहुतेक जण घाईत उरकतात.

आधी ही गाडी कुठली?

पद्मिनी तशी आपल्या घरचीच. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये याच बेंगळुरूत म्हैसूर संस्थानाच्या साथीने विमानांचा कारखाना काढला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. त्या कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या जुन्या गोलमटोल रूपाला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिलं. पुढच्या रूपाचं १९७४ पासून नाव झालं प्रीमियर पद्मिनी. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

गाडी बनणं थांबून वीस वर्षं उलटून गेली आहेत. रबर आजही नवीन मिळतं, मीटरवर मिळतं. पण तुमच्या गाडीच्या वळणाची मूळ धातूची पट्टी वाकली, तर तशी दुसरी मिळेलच याचा भरवसा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम सोपं होतं: रबराचा जीव गेला तरी चालेल, काच आणि पट्टी जपायची.

काम कधी काढायचं?

काचा काढलेली गाडी म्हणजे छप्पर उडालेलं घर. बेंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांत वळीव, मग पावसाळा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोराच्या सरी. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपलजवळ कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. ती झाली की काम काढा. मार्चपर्यंत हात मोकळे.

सुरुवात मोबाईलने करा. प्रत्येक कोपऱ्याचा, प्रत्येक सांध्याचा, रबर कुठे जोडलंय त्याचा फोटो घ्या. हे काम घरातल्या मुलांना द्या. स्क्रू आणि क्लिपा वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: ‘पुढचं डावं दार, वरची बाजू’. तीन महिन्यांनी ही चिठ्ठी वाचताना तुम्ही त्या पोरांना मनापासून दुवा द्याल.

पट्टी काढताना

माझी चूक आधी सांगतो. मी स्क्रू ड्रायव्हर घातला आणि एका टोकाने उचकटला. पट्टी निघाली, पण मधोमध मुडपून. ती खूण आजही दिसते.

बरोबर रीत अशी. पट्टीच्या कडेने गाडीच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावा. गंजलेल्या क्लिपांवर गंज सैल करणारं तेल फवारा आणि रात्रभर थांबा. हत्यार लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. बांबूची चपटी पट्टी चालते, स्वयंपाकघरातलं जुनं लाकडी उलथनंही चालतं. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे बहुधा एक छोटी टोपी असते, ती आधी सरकवा. मग एका क्लिपपासून दुसऱ्या क्लिपपर्यंत थोडं-थोडं उचलत जा. पट्टी अडली तर जोर लावू नका, का अडली ते बघा. स्टेनलेस स्टीलला पोचा आला तर कारागीर तो मागून ठोकून, घासून काढू शकतो. ॲल्युमिनियम एकदा मुडपलं की खूण सहसा राहतेच. काढलेली पट्टी लांब फळीला सैलसर बांधून ठेवा, भिंतीला तिरकी टेकवू नका.

पुढची काच

इथे दोन माणसं हवीत, हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. वायपर आधी काढा. रबर कडक होऊन तडकलं असेल तर ते वाचवायचा मोह सोडा. बाहेरचा ओठ, म्हणजे काचेवर चढलेली रबराची कड, धारदार पात्याने पूर्ण कापून टाका. पातं काचेच्या बाजूला टेकवून फिरवा. पत्र्याच्या बाजूने फिरवलंत तर रंगावर ओरखडा उठेल आणि तिथूनच पुढे गंज धरेल. मग एकाने आत बसून वरच्या कोपऱ्यांवर तळहाताने हळूहळू दाब द्यायचा, दुसऱ्याने बाहेरून काच झेलायची. जुनी काच टफन्ड असेल तर कडेवर बसलेला छोटासा घावही पुरतो, क्षणात सगळ्या काचेचा चुरा होतो. निघालेली काच आडवी टाकू नका. घोंगडीवर उभी ठेवा.

दारं

काच खालीवर करायचं हँडल, हात टेकायची मूठ आणि आतलं पॅनेल काढलं की दाराचं पोट दिसतं. काच ज्या खाचेतून सरकते तिच्यातली मखमली पट्टी आणि काचेच्या मुळाशी बाहेरून लागलेलं रबर, दोन्ही इथूनच सुटतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: दारात थोडं पाणी शिरणारच. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. पाला आणि माती अडकून ती बुजली की दार आतून सडतं. आमच्या भागातल्या जुन्या झाडांची सावली छान, पण त्यांचा पाचोळा वायपरखालच्या जाळीत आणि या भोकांत जाऊन बसतो. तार घालून ती मोकळी करा.

दाराच्या चौकटीचं रबर डिंकाने चिकटवलेलं असतं. केस वाळवायच्या यंत्राने ते गरम करा आणि हलकेच ओढा. उरलेला डिंक अंगठ्याने चोळून गोळा करा. थिनर लावायचाच असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून बघा. तो रंगही खातो.

आणि मग खरं दिसतं

रबर निघाल्यावर खालचा पत्रा बघताना जरा मन घट्ट करा. वरून झकास दिसणाऱ्या गाडीच्या काचेखाली तपकिरी भुगा निघू शकतो. रबर एकदा तडकलं की पाणी आत शिरतं, आणि तेच रबर ते पाणी बाहेर पडू देत नाही. ऊन लागत नाही, वारा लागत नाही. गंज निवांत वाढतो.

तारेच्या ब्रशने चांगला पत्रा लागेपर्यंत घासा. भोक पडलं असेल तर पत्र्याचं काम आत्ताच करून घ्या. गंजरोधक प्रायमर, मग रंग, तो पूर्ण वाळल्यावरच नवीन रबर. उघड्या पत्र्यावर रबर बसवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

रबर आणायला जे. सी. रोडला जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा सोबत न्या. गाडीचं नाव सांगून भागत नाही, रबराचा काप जुळला पाहिजे. ईपीडीएम रबर मागा, ते उन्हात लवकर तडकत नाही. बसवताना ताणू नका, थोडं जास्तच ठेवा. ताणलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि कोपरे उघडे पडतात.

मूळ पट्ट्या जपायला आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. रोजच्या वापरासाठी ती नोंदणी नाही, पण मान मोठा आहे. १९७४ च्या पद्मिनीने पन्नाशी ओलांडलीसुद्धा.

शेवटची परीक्षा

दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि कागद ओढा. सगळीकडे सारखा अडला पाहिजे. मग एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने हलकं पाणी सोडा, खालून सुरू करून हळूहळू वर. कुठे थेंब दिसला की आतून हाक येईल.

आमच्याकडे हाक आली नाही. बाबा आत बसले होते. पाणी बंद केल्यावरही ते बराच वेळ उतरलेच नाहीत.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आज एवढंच करा: काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं रबर नखाने दाबून बघा. दबून परत वर आलं तर ठीक. तडा दिसला, तर पुढच्या पावसाची वाट बघू नका.