वरच्या मजल्यावरचा मिक्सर



भाड्याचं घर घेताना आपण पाणी, वीज, घरमालक यांची चौकशी करतो. शेजार मात्र राहायला गेल्यावरच कळतो. आम्ही अकरा महिन्यांचा करार करून सामान लावलं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेचारला वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला! पाठोपाठ कुटणं आणि स्टूल ओढणं. लेकीचं दहावीचं वर्ष, रात्री बारापर्यंत अभ्यास. बिचारी रडकुंडीला यायची. मीसुद्धा दुपारच्या शाळेत शिकवताना पेंगू लागले.

आठ दिवस मी छताला काठीने ठोकून पाहिलं. उपयोग शून्य! 'घरमालकांना फोन कर' असं ह्यांनी सुचवलं. दोन्ही घरं त्यांचीच. पण म्हटलं, आधी एकदा भेटून तर येऊ. रविवारी संध्याकाळी वाटीभर शिरा घेऊन वर गेले.

त्या बाई चाळीस जणांचे डबे करून एकटीने घर चालवतात. "ताई, काठी वाजली की छातीत धस्स होतं हो. मालकांना कळलं तर घर सोडावं लागेल," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मी मनातल्या मनात वरमले.

मग दोघींनी बसून मार्ग काढला. वाटण रात्री नऊच्या आत करून फ्रिजमध्ये ठेवायचं. मिक्सरखाली जाड रबरी चटई, स्टुलाच्या पायांना रबरी बुचं. मीही लेकीची खाट त्यांच्या स्वयंपाकघराखालून हलवून बाहेरच्या खोलीत टाकली. आवाज अगदीच थांबला असं नाही, पण पोरीला झोप मिळते.

तुमच्याकडे असा त्रास असेल, तर आवाज चालू असताना तावातावाने जाऊ नका. दोघींना सवड असेल तेव्हा जा आणि कोणता आवाज, किती वाजता, एवढंच नेमकं सांगा.

रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरतात आणि राहत्या वस्तीत तेव्हा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सांगूनही ऐकत नसतील, तर ११२ वर पोलिसांना कळवायला कचरू नका.

तुमच्या शेजाराने तुम्हाला काय शिकवलं? जरूर लिहा.