एका गाठीतील दोन कुळे

गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या गावी गळ्यावर गाठ दिसली की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो गलगंड. थायरॉईडच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतातच, म्हणून ही समजूत बहुधा धकून जाते. मात्र शस्त्रक्रियेनंतर क्वचित असा अहवाल हाती येतो, ज्यात एकाच गाठीला दोन नावे असतात: मेड्युलरी आणि फॉलिक्युलर.

ही नावे दोन भिन्न पेशीकुळांची आहेत. थायरॉईडमधील बहुतेक पेशी आयोडीन शोषून हार्मोन तयार करतात. गर्भावस्थेत त्या जिभेच्या मुळाशी उपजून मानेत उतरतात. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या ‘सी’ पेशी वेगळ्या वाटेने येतात आणि कॅल्सिटोनिन स्रवतात. दुकानातील आयोडीनयुक्त मिठाचा संबंध पहिल्या कुळाशी. दुसऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. मेड्युलरी कर्करोग या ‘सी’ पेशींचा असून १९५९ मध्ये त्याला स्वतंत्र रोग म्हणून ओळख मिळाली. ‘सी’ पेशी मज्जासंस्थेच्या गर्भपेशींपासून येतात, असे दीर्घकाळ शिकवले गेले. २०१५ मध्ये उंदरांच्या गर्भावरील संशोधनाने निराळेच दाखविले: त्यांचा उगमही अन्नमार्गाच्या अस्तराच्याच गर्भस्तरात होता.

मग मिश्र गाठ होते कशी? दोन्ही एकाच मूळ पेशीतून निघाल्या, असे काही तज्ज्ञ मानतात. शेजारचे दोन कर्करोग वाढत एकमेकांना भिडले, असे इतर म्हणतात. तिसऱ्या मतानुसार मेड्युलरी गाठीत निरोगी फॉलिक्युलर पेशी अडकून पडतात आणि पुढे त्याही बिघडतात. काही गाठींच्या जनुकीय तपासणीत दोन्ही भाग निरनिराळ्या पेशींपासून वाढलेले आढळले. सर्व गाठींना लागू पडेल असे एकच उत्तर बहुधा नसावे.

रुग्णाच्या दृष्टीने या भेदाला फार मोल आहे. किरणोत्सारी आयोडीन फॉलिक्युलर भागावर चालते, मेड्युलरी भाग ते शोषतच नाही. म्हणून पहिली शस्त्रक्रिया पूर्ण व नेटकी हवी आणि नंतर रक्तातील थायरोग्लोब्युलिन व कॅल्सिटोनिन, दोन्ही मोजावी लागतात.

मेड्युलरी कर्करोगांपैकी सुमारे चतुर्थांश आनुवंशिक असतात. ‘रेट’ जनुकातील दोष असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलामुलींची स्थळे चालू असलेल्या घरात नेमका हाच शब्द दडपला जातो, आणि ते लपविणे रोगाहून महाग पडू शकते. रक्ताच्या चाचणीतून दोष कळला, तर गाठ धरण्यापूर्वीच त्या मुलाची ग्रंथी काढता येते. दोष नसल्यास त्याची त्या काळजीतून सुटका होते.

अहवालात दोन नावे असतील, तर रुग्णालयातून काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे मागून घ्यावेत. नागपुरातील कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यांवरून दुसरे मत घेता येते.