परिभाषा, फीत आणि वाटाड्या

पारिभाषिक शब्द घडविला जातो सुटा, परंतु जगतो वाक्यात. मराठीतील संगणकविषयक परिभाषेची चर्चा बहुधा घडणीपाशीच थांबते. इंग्रजी संज्ञेसमोर संस्कृत धातूवरून सिद्ध केलेला शब्द ठेवला की कोशकाराचे काम संपते. त्या शब्दाचे सामान्यरूप काय, अनेकवचन काय, तो वर्गात अडखळल्याविना उच्चारता येईल काय, याची विचारपूस कोणी करीत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून अभियांत्रिकीची पदवी प्रादेशिक भाषांतून, अर्थात मराठीतूनही, शिकविण्यास मान्यता दिली. तेव्हापासून हे प्रश्न विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत उतरले आहेत.

माहिती साठविणाऱ्या फितीचेच उदाहरण घ्यावे. ‘फीत’ हा शब्द मुळात पोर्तुगीज. तरी ध्वनिफीत, चित्रफीत हे समास त्याने सहज पेलले. आयबीएमने १९५२ साली संगणकासाठी अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत आणली. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ फितीची रुंदीही जवळजवळ तेवढीच आहे, मात्र एका कार्ट्रिजमध्ये (त्याला ‘काडतूस’ म्हणण्याचा मोह आवरलेला बरा) १८ टेराबाइट मजकूर मावतो. फितीचा स्वभाव असा की हवी ती नोंद गाठण्यासाठी मधली सगळी फीत पुढे सरकवावी लागते. यास ‘अनुक्रमिक अभिगम’ म्हटले की विद्यार्थी शब्द पाठ करतो आणि गोष्ट विसरतो. जन्मपत्रिकेची गुंडाळी उलगडणे आणि सुट्या पानांच्या पोथीतले हवे ते पान काढणे, यांतील फरक ज्याने पाहिला आहे त्याला फीत व चकती यांतील भेद अर्ध्या वाक्यात सांगता येतो. ‘ओळीने वाचन’ आणि ‘हवे तेथून वाचन’ एवढे शब्द त्याला पुरेत. क्वचित लागणारा, पण जपून ठेवावयाचा मजकूर आजही फितीवर ठेवतात. या कामासाठी मराठीत ‘दप्तरी ठेवणे’ हा प्रयोग तयारच आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘दप्तर’ हटले नाही; पुढे पेशव्यांचे कागद रुमालांत बांधले गेले ते दप्तरातच. कारभाराच्या जिभेवर रुळलेला शब्द कोशाच्या आज्ञेने जात नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

संगणकांच्या जाळ्यातील उपकरणांची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांची इंग्रजी नावे कोणी ग्रीक-लॅटिनमधून घडविलेली नाहीत. ‘हब’ म्हणजे गाडीच्या चाकाचा तुंबा, ‘गेटवे’ म्हणजे वेस, आणि ‘स्विच’ हे तर अमेरिकेत रेल्वेच्या सांध्याचेही नाव. हब आलेला मजकूर जोडलेल्या प्रत्येक यंत्राकडे दवंडीसारखा पोहोचवितो. स्विच पत्ता पाहून, सांधा बदलावा तसा, तो नेमक्या यंत्राच्या वाटेस लावतो. राउटर एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाण्याची वाट ठरवितो. हा वाटाड्याच नव्हे काय? तीन उपकरणांतील तीन कामे येथे नावांतूनच वेगळी होतात. केवळ उपसर्गांनी वेगळे केलेले तीन तत्सम शब्द हे करू शकत नाहीत.

‘वाटाड्या’ शास्त्राला शोभत नाही, असा आक्षेप येईल. तो प्रतिष्ठेचा आक्षेप आहे, अर्थाचा नव्हे. टेबलावरील उपकरणाला ‘माउस’ म्हणताना इंग्रजीला संकोच वाटला नाही. बोलीतील शब्द अनेकार्थी असतात, हा आक्षेप अधिक वजनदार. परंतु अर्थ नेमका होतो तो व्याख्येने, व्युत्पत्तीने नव्हे. संस्कृतशी वैर धरण्याचेही कारण नाही. ‘संगणक’ रुजला, कारण तो आटोपशीर आहे आणि त्यापासून ‘संगणकीय’, ‘संगणकीकरण’ हे शब्द विनासायास निघतात. उलट ‘तुंबा’ शहरातल्या विद्यार्थ्याला परका वाटत असेल, तर तेथे ‘हब’ खुशाल राहू द्यावा. ‘हबला’, ‘हबमधून’ अशी रूपे मराठी बिनतक्रार करते.

परिभाषाकोशांच्या पुढील आवृत्त्यांत प्रत्येक संज्ञेपुढे पर्यायाबरोबर वापराचे एक वाक्यही छापावे. ज्या संज्ञेसाठी संपादकांना असे वाक्य सुचणार नाही, ती गाळावी. आणि ‘वाटाड्याने पाकीट दुसऱ्या जाळ्यात धाडले’ असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर परीक्षकाने त्याचे गुण कापू नयेत.