जबलपूरच्या पायाखालचा ‘स्थिर’ खडक

हिमालयात दरड कोसळली की विज्ञानवार्तांतून एक ठरावीक विधान हमखास येते: हिमालय तरुण व चंचल, भारतीय द्वीपकल्प मात्र प्राचीन व स्थिर. विधानाचा पूर्वार्ध योग्य आहे. उत्तरार्ध विद्यार्थ्यांची दिशाभूल करतो, आणि त्याविरुद्ध साक्ष जबलपूरच देते.

22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरजवळ सुमारे 5.8 महत्तेचा भूकंप झाला. कोसमघाट गावाची मोठी हानी झाली. एकूण चाळीसच्या आसपास माणसे दगावली. भूकंपनाभी सुमारे 35 किलोमीटर खोल, म्हणजे भूकवचाच्या खालच्या थरात होती. किल्लारीनंतर हवामान खात्याने आपली काही भूकंपमापन केंद्रे नुकतीच अद्ययावत केली होती, म्हणून या धक्क्याची चांगली नोंद मिळाली. नर्मदेच्या दक्षिणेकडील प्रस्तरभंगावर सातपुड्याच्या बाजूचा खंड किंचित वर सरकला, असा त्या नोंदींचा अर्थ लावला जातो.

पृष्ठभागावर मात्र त्या भंगाची रेषा उमटली नाही. भेग दिसत नाही, तर भूमी स्थिर, हा तर्क इथेच फसतो. एका धक्क्याने डोंगर उंचावत नाही. असे असंख्य धक्के, त्यांच्यामधली दीर्घ शांतता, आणि उचललेला उतार सतत खाली ओढणाऱ्या दरडी, पाऊस व नद्या यांच्या जमाखर्चातून डोंगररांग उरते. हिमालयात हा व्यवहार उघड्यावर व घाईने चालतो, नर्मदेकाठी सावकाश व गाळाखाली. आशियाला रेटणाऱ्या भारतीय भूपट्टातील ताण हिमालयापाशी थांबत नाही. तो द्वीपकल्पातील जुन्या, दुबळ्या सांध्यांपर्यंत पोहोचतो. 1927 मध्ये सोन खोऱ्यात आणि 1938 मध्ये सातपुड्यात सहाहून अधिक महत्तेचे भूकंप झाले होते. शालेय भूगोल नर्मदेला खचदरीतून वाहणारी नदी म्हणतो, आणि तोच द्वीपकल्पाला स्थिर ठरवतो!

1993 च्या किल्लारी भूकंपाची महत्ता 6.2 होती; नाभी अगदी उथळ, भिंती दगडमातीच्या, मृत्यू सुमारे दहा हजार. जबलपूरची हानी मर्यादित राहिली यात नाभीच्या खोलीचा वाटा मोठा होता. ‘स्थिरते’चा मुळीच नव्हता. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होते. जबलपूर तिसऱ्या क्षेत्रात होते, म्हणजे धोका कागदावर मान्य होता. तरीही त्या पहाटे ढासळल्या त्या मातीत रचलेल्या विटांच्या भिंती.