प्रमाद आणि चुकांची यादी : स्ट्रिंगर बेलच्या एका वाचनाविरुद्ध

डेव्हिड सायमन यांची ‘द वायर’ ही मालिका एचबीओ या अमेरिकी वाहिनीवरून २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत प्रसारित झाली. तिच्यातील स्ट्रिंगर बेल या पात्राविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्याचा बराचसा भाग एकाच साच्यातून निघालेला आहे. पश्चिम बाल्टिमोरमधील अमली पदार्थांच्या टोळीचा हा दुय्यम सूत्रधार महाविद्यालयात जाऊन अर्थशास्त्र शिकतो, टोळीला व्यापारी संस्थेचे रूप देऊ पाहतो, काळा पैसा बांधकामात घालतो आणि तिसऱ्या पर्वाच्या (२००४) अकराव्या भागात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत मारला जातो. यावर विचारला जाणारा प्रश्न एकच : त्याचे कोठे चुकले? उत्तरादाखल यादी येते. तुरुंगातील डीअँजेलोचा त्याने परस्पर काटा काढला. ओमारला खोटी खबर देऊन ब्रदर मूझोनवर सोडले. क्ले डेव्हिस या राजकारण्यावर विश्वास ठेवला. आणि अखेर मित्राचा ठावठिकाणा पोलिसांना दिला. नोंदी खऱ्या आहेत. आक्षेप आहे तो अशी यादी करणे म्हणजेच पात्राचे आकलन, या समजुतीला.

‘रणनीती’, ‘जोखीम’, ‘नुकसान’ ही या समीक्षेची परिभाषा मुळात कोणाची, हे पाहिले पाहिजे. ती खुद्द स्ट्रिंगरची आहे. टोळीच्या आडोशाला चालणाऱ्या छायाप्रतींच्या दुकानात तो पोरांना मागणीची लवचीकता समजावतो. दुसऱ्या पर्वात (२००३) माल निकृष्ट येऊ लागतो, तेव्हा तो प्राध्यापकाला शंका विचारतो आणि त्याच मालाला नवे नाव देऊन तो विकवतो. योग्य ज्ञान मिळाले की प्रत्येक अडथळा दुरुस्त करता येतो, ही त्याची श्रद्धा. त्याच्या चुका मोजणारा समीक्षकही याच श्रद्धेचा अनुयायी असतो. फरक इतकाच, की स्ट्रिंगरने तिच्यासाठी प्राण गमावले. समीक्षकाला तिची किंमत मोजावी लागत नाही.

तिसऱ्या पर्वातील बैठकीचे दृश्य या संदर्भात निर्णायक आहे. स्ट्रिंगर टोळ्यांची सभा रीतसर सभासंचालनाच्या नियमांनी चालवतो : अध्यक्षांची अनुमती, बोलण्याची पाळी, सारे काही. एक पोरगा इमानेइतबारे इतिवृत्त लिहून घेत असतो. ते ध्यानात येताच स्ट्रिंगर उखडतो, कारण गुन्हेगारी कटाची टिपणे काढली जात आहेत. प्रेक्षक हसतात आणि यादीकार याला पोराचा गाढवपणा म्हणून सोडून देतात. परंतु पोरगा नियमाप्रमाणेच वागला होता. सभाशास्त्राचे सारे बळ नोंदीत असते आणि या धंद्यात नोंद म्हणजे पुरावा. जी पद्धत उसनी घेतली, तिच्या मुळाशी असलेली गोष्टच येथे निषिद्ध आहे. या प्रसंगात कोणती ‘बरोबर चाल’ शिल्लक होती, हे यादीकारांनी सांगावे.

डीअँजेलोच्या हत्येचेही तसेच. पहिल्या पर्वाच्या अखेरीस तो साक्ष देण्याच्या उंबरठ्यावर येऊन परतलेला आहे, वीस वर्षांची शिक्षा भोगतो आहे आणि टोळीपासून मनाने तुटत चालला आहे. जोखमीचा हिशेब म्हणून स्ट्रिंगरच्या निर्णयात खोट काढणे अवघड आहे. पण डीअँजेलो हा टोळीप्रमुख एव्हॉन बार्क्सडेलचा भाचा आहे, बहिणीचा मुलगा. या नात्याला स्ट्रिंगरच्या हिशेबवहीत रकानाच नाही. असा रकाना त्याने ठेवला असता तर तो टोळीला कंपनी करू पाहणारा स्ट्रिंगर राहिला नसता. ज्या गुणाने त्याला इतरांहून वेगळे केले, त्याच गुणाने हे कृत्य घडवले. तेव्हा गुण जमेला आणि कृत्य खर्चाला टाकून ताळेबंद कसा जुळवायचा?

क्ले डेव्हिस प्रकरण सर्वांत बोलके आहे. बांधकामाचे परवाने अडतात, सरकारी निधीची आमिषे दाखवली जातात, पैसे जात राहतात आणि अखेर लेव्ही हा वकील उलगडा करतो, की सिनेटरने सरळसरळ लुबाडले आहे. लगेच स्ट्रिंगर डेव्हिसचा खून करवायला निघतो, आणि एव्हॉनला त्याला आवरावे लागते. व्यापारातले वचन मोडल्यावर ते पाळायला लावणारी काही यंत्रणा लागते. रस्त्यावर ती पिस्तुलाची असते. कायदेशीर बाजारात न्यायालयाची, वकिलाची, वशिल्याची. स्ट्रिंगर दोन्ही बाजारांत वावरतो, पण एकातली यंत्रणा दुसऱ्यात चालत नाही. याला ‘अननुभव’ म्हणणे म्हणजे त्याला आणखी एका सत्राच्या अभ्यासक्रमाची शिफारस करण्यासारखे आहे!

यादीची पद्धत कसोटीला लावायची तर इतर पात्रांकडे पाहावे. प्रपोझिशन जो स्ट्रिंगरच्या जवळजवळ सर्व चुका टाळतो, सबुरीने सहकारी संघ चालवतो आणि पाचव्या पर्वात (२००८) मार्लोच्या हुकमावरून मारला जातो. मार्लो सुटतो, पैसा राखतो, सूट घालून प्रतिष्ठितांच्या मेजवानीला जातो; तेथे त्याला करमत नाही आणि तो पुन्हा रस्त्याच्या कोपऱ्यावर येतो. चुका आणि विनाश यांचे गणित असे कोठेच बसत नाही.

ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील ‘हॅमार्शिया’ या संज्ञेचा मूळ अर्थ नेम हुकणे. तिला ‘स्वभावदोष’ बनवण्याचे काम पुढील समीक्षेने केले. काव्यशास्त्राच्या चौदाव्या प्रकरणात भर आहे तो भयंकर कृत्ये आप्तांमध्ये, जिवलगांमध्ये घडण्यावर. मराठीत ‘प्रमाद’ आणि ‘चूक’ हे दोन शब्द उपलब्ध असता दुसराच वापरण्याचा हट्ट का? चूक सुधारता येते. प्रमादाचे रूप तो घडून गेल्यावरच दिसते. ए. सी. ब्रॅडले यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या पात्रांना सजीव व्यक्ती मानून त्यांच्या स्वभावाची छाननी केली; १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथच्या मुलांची संख्या विचारणारे शीर्षक देऊन त्या परंपरेची थट्टा केली. चुकांची यादी करणारे ब्रॅडले यांच्याही मागे गेले आहेत. ब्रॅडले निदान पात्राच्या अंतःकरणात शिरत होते. हे त्याच्या नोकरीची वार्षिक तपासणी करतात.

याविरुद्ध दुसरे टोकही तितकेच निरुपयोगी आहे. ग्रीक नाटकातील देवांची जागा या मालिकेत संस्थांनी घेतली आहे, असे सायमन यांनी सांगितले, आणि ते सूत्र अनेकांनी प्रमाण मानले : व्यवस्थेने मारले, व्यक्तीचा प्रश्नच नाही. लिंडा विल्यम्स यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात मालिकेला शोकात्मिका मानण्यालाच हरकत घेऊन तिचे वाचन मेलोड्रामा म्हणून केले. ती हरकत या सुलभ सूत्रापेक्षा अधिक गंभीर आहे. देवांनी भाकीत केले म्हणून ईडिपसने पित्याला मारले नाही असे होत नाही. डीअँजेलोला मारण्याचा आदेश बाल्टिमोरच्या व्यवस्थेने दिलेला नव्हता.

अकराव्या भागात स्ट्रिंगर आणि एव्हॉन रात्री सज्जात उभे राहून लहानपणीच्या आठवणी काढतात. स्ट्रिंगरने एव्हॉनचा अड्डा पोलिस अधिकारी कॉल्विनला कळवलेला आहे. एव्हॉनने, न्यूयॉर्कमधील आपली पत राखण्यासाठी, स्ट्रिंगरला मूझोनच्या हवाली करण्याचे कबूल केलेले आहे. दोघेही आपापले कृत्य लपवतात. प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक असतात. दोघांच्या चाली आपापल्या जागी सयुक्तिक आहेत आणि दोघेही एकमेकांवर प्रेम करतात. एव्हॉन सहज विचारल्यासारखे उद्याच्या भेटीची वेळ विचारतो. हे दृश्य यादीत कोठे घालायचे?

स्ट्रिंगरच्या मृत्यूनंतर त्याच्या घराच्या झडतीत ॲडम स्मिथचे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६) सापडते, त्याकडे विद्वत्तेची विडंबना म्हणून बोट दाखवले जाते. न्यायदानाची नियमित व्यवस्था नसेल तेथे व्यापार फार काळ भरभराटीस येत नाही, असे स्मिथने त्याच ग्रंथात म्हटले आहे. स्ट्रिंगरने ते वाचले असेल असे धरले, तरी तो दाद मागायला कोणत्या न्यायालयात जाणार होता? इमारतीत ओमार आणि मूझोन त्याला गाठतात तेव्हा तो निःशस्त्र आहे आणि अजून सौदा करू पाहतो आहे. त्यांना पैसा नको आहे, असे त्याला सांगितले जाते. त्याच्याबरोबर आलेला बांधकाम व्यावसायिक भिंतीशी अंग चोरून बसतो. त्याला कोणी हात लावत नाही, आणि पुढील पर्वांतही त्याचा धंदा चालू असल्याचे दिसते.