लढाई त्यांची, निर्णय आपला

परभूमींत मांडलेलें युद्ध अंगाशीं आलें म्हणजे तें तेथल्या मित्राच्या गळ्यांत अडकवावें आणि आपण घरची वाट धरावी, ही बलाढ्य राष्ट्रांची रीत नवी नव्हे. १९६९ सालीं निक्सनसाहेबांच्या सरकारानें तिला ‘व्हिएतनामीकरण’ असें भारदस्त नांव दिलें. वस्तुतः दक्षिण व्हिएतनामचे शिपाई त्यापूर्वींही लढत व मरत होतेच. मग नव्यानें स्वाधीन केलें तें काय? विमानें, तोफा दिल्या. पण त्यांस लागणारें इंधन, सुटे भाग व दारूगोळा यांची किल्ली वॉशिंग्टनच्याच हातीं राहिली. १९७१ च्या लाओसवरील स्वारींत अमेरिकन पायदळ नव्हतें, तरी सारी भिस्त अमेरिकन हेलिकॉप्टरांवरच होती. १९७३ च्या पॅरिस करारानें उत्तरेच्या फौजा दक्षिणेंत राहूं दिल्या. अध्यक्ष थियू यांचा विरोध कोणी जुमानला नाहीं. पुढल्या वर्षीं मदत छाटली गेली, आणि ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगॉन पडलें.

अफगाणिस्तानांत निराळें काय घडलें? २०२० चा दोहा करार अमेरिका व तालिबान यांचा. ज्याच्या माथीं युद्ध मारावयाचें तें काबूलचें सरकार त्यांत नव्हतेंच. विमानें दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदारही निघून गेले. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं काबूल पडलें. दुसऱ्याच दिवशीं, अफगाण सैन्यास स्वतःसाठीं लढण्याची इच्छा नाहीं, असें अध्यक्ष बायडन यांनीं जगास ऐकविलें. त्या सैन्यांतील लांचखाऊपणा व खोटे हजेरीपट आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वीस वर्षांत ६०,००० हून अधिक अफगाण शिपाई व पोलीस धारातीर्थीं पडले, ते मग कोणाच्या इच्छेनें?