दरवाजा काढला, पाणी राहिलं

परवा शेजारची नात (आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे) भडकल दरवाजाचं ड्रॉइंग दाखवायला आली. कमानी, मापं... सगळं चोख. मी विचारलं, "आणि नहर?"

"ती कुठे आहे, आजोबा?"

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, ती काय नुसत्या दरवाजांवर? डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, दाब सांभाळणाऱ्या उंच बंब्यांतून शहरात आलं, तेव्हा इथे वस्ती टिकली. पाणचक्कीचं जातंही अशाच दुरून आणलेल्या पाण्यावर फिरायचं, फकिरांसाठी दळण व्हायचं. डोंगर, पाणी, माणसं मिळून वारसा, हे युनेस्कोने १९९२ मध्येच मान्य केलं. आपल्याकडे मार्क मात्र दरवाजाला! मला वाटतं, पहिल्या वर्षी पेन्सिल देऊच नये. आधी नहरीच्या वाटेने चालवावं, जुन्या माणसांना विचारायला लावावं. सत्रात वेळ नसतो म्हणे. बंबे पडल्यावर वेळच वेळ मिळेल.

अर्थात मी तरी कुठला शहाणा? इतकी वर्षं इतिहास शिकवला, सहल दरवर्षी वेरूळला नेली. बंब्यावरून मात्र सायकलने नुसता पुढे जायचो.

रविवारी मुकुंदवाडीहून आम्ही दोघं निघतोय. ती चालणार, मी रिक्षाने मागून.